प्रत्येक वाक्यात ‘प्रोव्होक’च येतो? चिथावणीच्या इंग्रजी शब्दांचा घोळ कसा सोडवायचा

बातमी असो, अहवाल असो, निबंध असो की वरिष्ठांना पाठवायची तक्रारीची मेल असो. कुणी कुणाला चिथावलं, डिवचलं, भडकवलं हे इंग्रजीत सांगायची वेळ आली की हात आपोआप ‘प्रोव्होक’ टाइप करतो. पुढच्या वाक्यात पुन्हा तोच. तिसऱ्या वाक्याला आपल्यालाच ते खटकतं, म्हणून समानार्थी शब्दांची यादी उघडायची आणि त्यातला जरा वजनदार दिसणारा शब्द उचलून तिथे बसवायचा. मग ‘इन्साइट’च्या पुढे बालपणीच्या आठवणी येतात, ‘इन्स्टिगेट’च्या पुढे शेजारी येतो, आणि ‘अराउज’ अशा जागी जाऊन बसतो की वाचणारा अवघडून जातो.

लोकांचा इंग्रजी मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम. हा दोष त्यात सतत येतो आणि चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या मजकुरातही येतो. स्पेलिंग बरोबर असतं, काळ बरोबर असतो, स्पेलचेकची लाल रेघ कुठेच उमटत नाही, आणि तरी वाक्य लंगडतं. वाचणाऱ्याला काहीतरी चुकलंय एवढं कळतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. म्हणून हा दोष वर्षानुवर्षं तसाच राहतो.

दोषाचं मूळ

मराठीत ‘भडकवणे’ कशालाही चालतं. माणूस भडकवता येतो, जमाव भडकवता येतो, भावना भडकवता येतात, दंगल आणि आगही भडकवता येते. एवढं सोयीचं क्रियापद हाताशी असल्यामुळे त्याच्या पुढे काय आलंय हे बघायची सवय आपल्याला लागत नाही. इंग्रजीने हेच काम दहा-बारा क्रियापदांत वाटून दिलंय आणि कुणाच्या पुढे काय येणार हे तिथे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. समानार्थी शब्दांची यादी अर्थ सांगते, शब्दाच्या सोबतीला काय येतं ते सांगत नाही. शब्द बदलला, पण त्याच्या पुढचं कर्म जुनंच राहिलं, की वाक्य तिथेच मोडतं.

म्हणून शब्द शोधण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. क्रियापदाच्या पुढे काय येणार आहे: माणूस, कृत्य, भावना की प्रतिसाद? राग निघाला तो कुणावर? आणि हे सगळं कुणी मुद्दाम केलं, की आपसूक घडलं? बहुतेक वाक्यं एवढ्यावरच सुटतात. पुढचं सगळं या तीन प्रश्नांचाच विस्तार आहे.

प्रोव्होक, इन्साइट, इन्स्टिगेट

सगळ्यात जास्त गोंधळ या तिघांत होतो, म्हणून इथे जरा थांबू.

मैदानावर तीन मुलं आहेत. पहिला दुसऱ्याला त्याच्या तोतरेपणावरून चिडवत राहतो आणि शेवटी दुसरा त्याला एक ठेवून देतो. इथे पहिल्याने दुसऱ्याला ‘प्रोव्होक’ केलं. राग ज्याने ओढवून घेतला, त्याच्यावरच तो निघाला.

आता तोच पहिला मुलगा दुसऱ्याच्या कानाशी लागतो, ‘तो तिसरा तुझ्याबद्दल काय काय बोलत होता माहितीये? सोडू नको त्याला.’ दुसरा जाऊन तिसऱ्याला मारतो. हे ‘इन्साइट’. चिथावणारा बाजूला उभा राहिला आणि मार भलत्यालाच बसला.

आणि संध्याकाळी घरी गेल्यावर मोठी माणसं विचारतात, ‘ही मारामारी सुरू कुणी केली?’ तेव्हा पहिल्याने ती मारामारी ‘इन्स्टिगेट’ केली. इथे क्रियापदाच्या पुढे माणूस नाही, घटना आहे.

‘प्रोव्होक’मध्ये समोरून उलट काहीतरी येतं हे गृहीत असतं, आणि ते बहुधा डिवचणाऱ्याच्याच दिशेने येतं. ‘इन्साइट’मध्ये कुणाला तरी तिसऱ्याविरुद्ध किंवा एखाद्या व्यवस्थेविरुद्ध कृतीला लावलं जातं. म्हणून त्याच्या पुढे व्हायलन्स, हेट्रेड, रायट, रिबेलियन, म्युटिनी असे शब्द येतात. आठवणी, कुतूहल, हसू यांचं तिथे काही काम नाही.

कायद्याच्या भाषेत हा फरक फार स्वच्छ दिसतो. इंग्लंडच्या 1957 च्या होमिसाइड ॲक्टमध्ये ‘प्रोव्होकेशन’ हा खुनाच्या आरोपीचा बचाव होता: कुणाच्या बोलण्यामुळे किंवा वागण्यामुळे माझा स्वतःवरचा ताबा सुटला, असं आरोपी म्हणू शकत असे. 2009 च्या कायद्याने तो बचाव काढून टाकला आणि त्या जागी ‘लॉस ऑफ कंट्रोल’ आणला. म्हणजे ‘प्रोव्होकेशन’चा प्रश्न आला की बघायचं ते चिडलेल्या माणसाकडे. याउलट 1948 च्या वंशसंहारविरोधी करारात ‘डायरेक्ट अँड पब्लिक इन्साइटमेंट’ हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिला आहे, आणि 1966 च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम 20 मध्येही भेदभाव, शत्रुत्व आणि हिंसा यांना चिथावणी देण्यासाठी ‘इन्साइटमेंट’ हाच शब्द आहे. इथे बघायचं ते चिथावणाऱ्याकडे. एकाच भाषणाबद्दल लिहिताना या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर दोष कुणाच्या माथी जातो तेच बदलतं. बातमी लिहिणाऱ्यांनी हे फार जपायला हवं.

तिघांची जोडणीही वेगळी आहे आणि चूक तिथेच सगळ्यात जास्त होते. ‘ही प्रोव्होक्ड मी फॉर फाइटिंग’ हे वाक्य माझ्यासमोर वारंवार येतं. ‘प्रोव्होक’ला बहुधा ‘इन्टू’ लागतं आणि पुढे आयएनजी: ‘ही प्रोव्होक्ड मी इन्टू फाइटिंग’. ‘इन्साइट’ला ‘टू’ लागतं, मग पुढे क्रियापद येवो की नाम: ‘इन्साइटेड देम टू अटॅक’, ‘इन्साइटेड देम टू व्हायलन्स’. ‘इन्स्टिगेट’ला थेट घटना लागते. ‘ही इन्स्टिगेटेड मी टू रिझाइन’ अशी वाक्यं आपल्याकडून सर्रास लिहिली जातात. शब्दकोश ती चूक ठरवणार नाहीत, कायद्याच्या भाषेत अशी रचना आहेच, पण आजच्या साध्या लेखनात ती अवघडलेली वाटते. ‘फूस लावून करायला लावलं’ असं म्हणायचं असेल तर इंग्रजीत त्यासाठी एक झकास प्रयोग आहे: ‘पुट समवन अप टू समथिंग’. ‘हू पुट यू अप टू धिस?’ म्हणजे ‘तुला कुणी फूस लावली?’. हा प्रयोग आपल्याकडे फार कमी वापरला जातो, तो अंगवळणी पाडून घ्या.

आणखी एक. ‘इन्स्टिगेट’मध्ये राग असायलाच हवा असं नाही. चौकशी, सुधारणा, कायदेशीर कारवाई यांनाही तो चालतो. ‘इन्स्टिगेटेड ॲन इन्क्वायरी’ वाचून कुणी भांडण लावलं असं समजू नका. कुणीतरी पुढाकार घेऊन चौकशी सुरू करवली, एवढाच त्याचा अर्थ.

‘अनप्रोव्होक्ड’ हा शब्द मात्र जपून वापरावा. ‘अनप्रोव्होक्ड अटॅक’ लिहिलं की ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्याकडून कसलंही कारण घडलं नव्हतं, असं विधान तुम्ही केलेलं असतं. तेवढी खात्री नसेल तर हा शब्द गाळा.

ठिणगी पडली, की आग आधीपासून होती?

दुसरा नेहमीचा दोष वेळेचा. असंतोष आधीपासून धुमसत असेल तर त्याला ‘स्पार्क’ म्हणता येत नाही. ‘स्पार्क’ सुरुवातीला: एका निर्णयाने निदर्शनं ‘स्पार्क’ झाली, एका लेखाने वाद ‘स्पार्क’ झाला. आधीच पेटलेल्यावर कुणी तेल ओतलं तर ‘फ्यूएल’. संशय, भीती, अफवा, राग हे सगळं ‘फ्यूएल’ होतं. दोन्ही शब्द एकाच वाक्यात एकाच गोष्टीला लावलेले दिसतात तेव्हा लिहिणाऱ्याने घटनाक्रम नीट पाहिलेला नाही हे कळतं.

‘फोमेंट’ या दोहोंपेक्षा वेगळा आणि मला फार उपयोगी वाटणारा शब्द. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ऊब देण्याच्या शब्दात आहे, आणि वैद्यकात ‘फोमेन्टेशन’ म्हणजे चक्क शेक. दुखऱ्या जागेला शेक देत राहावं तसा असंतोष हळूहळू, चिकाटीने उबवत नेणं म्हणजे ‘फोमेंट’. त्यामुळे एका संध्याकाळच्या एका भाषणाने बंड ‘फोमेंट’ होत नाही. त्यामागे आठवडे-महिने चाललेली कुजबुज, पत्रकं, गुप्त बैठका असाव्या लागतात. पुढे अनरेस्ट, डिस्कॉर्ड, रिबेलियन असं काहीतरी. माणूस कधीच नाही: ‘ही फोमेंटेड द वर्कर्स’ हे चूक, ‘ही फोमेंटेड अनरेस्ट अमंग द वर्कर्स’ हे बरोबर.

‘स्टर अप’ बोलीतला वाटतो म्हणून औपचारिक मजकुरातून लोक तो काढून टाकतात. तशी गरज नाही. ब्रिटनच्या 1986 च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टमध्ये वांशिक द्वेष पसरवण्यासाठी ‘स्टरिंग अप’ हेच शब्द वापरले आहेत. तळाशी बसलेलं ढवळून वर आणणं ही त्यातली छटा, म्हणून ट्रबल, हेट्रेड, कॉन्ट्रोव्हर्सी यांच्याबरोबर जुन्या आठवणीही ‘स्टर अप’ होतात. सर्वनाम मात्र मधे येतं: ‘स्टर इट अप’. ‘स्टर अप इट’ कधीच नाही.

‘इन्फ्लेम’ आणि ‘ॲग्रव्हेट’ हे दोन्ही आधीच बिघडलेलं आणखी बिघडवण्यासाठी. भावना ‘इन्फ्लेम’ होतात, परिस्थिती ‘इन्फ्लेम’ होते, आणि भडकाऊ भाषणाला ‘इन्फ्लेमेटरी’ म्हणतात. हाच शब्द वैद्यकात दाहासाठी आहे, तेव्हा तब्येतीच्या मजकुरात तो दिसला तर बिचकू नका. ‘ॲग्रव्हेट’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘जड’ हा अर्थ आहे: दुखणं, तंटा, टंचाई जड करणं. ‘चीड आणणे’ या अर्थानेही तो इंग्रजीत शतकानुशतकं वापरात आहे, पण त्याला आक्षेप घेणारे जाणकार अजून भेटतात. परीक्षेत किंवा अधिकृत पत्रात ‘ही ॲग्रव्हेटेड मी’ लिहिण्यापेक्षा ‘इरिटेटेड’ किंवा ‘अनॉइड’ लिहावं. उगाच वादाला जागा ठेवायची कशाला?

इव्होक, इन्व्होक आणि सोबतचा इलिसिट

‘प्रोव्होक’, ‘इव्होक’, ‘इन्व्होक’, ‘रिव्होक’ ही चारही भावंडं लॅटिनमधल्या ‘व्होकारे’ या क्रियापदातून आलेली, आणि ‘व्होकारे’ म्हणजे हाक मारणं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं होतं. ‘प्रोव्होक’ म्हणजे हाक देऊन पुढे यायला लावणं, ‘इव्होक’ म्हणजे आत दडलेलं हाक मारून बाहेर आणणं, ‘इन्व्होक’ म्हणजे मदतीला, साक्षीला, आधाराला बोलावणं, आणि ‘रिव्होक’ म्हणजे दिलेलं परत बोलावणं, म्हणजे रद्द करणं.

म्हणून वासाने, गाण्याने, जुन्या फोटोने आठवणी ‘इव्होक’ होतात. कवितेतून एखादं वातावरण ‘इव्होक’ होतं. यात भांडण नाही, हेतूही असेलच असं नाही. देवाचा धावा करणं, कायद्याचं कलम पुढे करणं, थोरांचं नाव घेऊन मुद्दा रेटणं, यासाठी ‘इन्व्होक’. नाटो कराराचं कलम 5 हे 2001 च्या 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर ‘इन्व्होक’ केलं गेलं. 2017 च्या मार्चमध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी कलम 50 वापरलं तेव्हा वर्तमानपत्रांत ‘इन्व्होक’ आणि ‘ट्रिगर’ दोन्ही शब्द दिसत होते, आणि दोन्ही बरोबर होते. कलमाचा आधार घेतला म्हणून ‘इन्व्होक’. तो घेताक्षणी दोन वर्षांची मुदत सुरू झाली, म्हणून ‘ट्रिगर’. एकच घटना, पण दोन शब्द तिच्या दोन बाजू दाखवतात.

‘इलिसिट’ रागाचा शब्दच नाही. तो उत्तर काढून घेण्याचा शब्द आहे. प्रश्न विचारून, गोंजारून, खुबीने समोरच्याकडून माहिती, कबुली, हसू, प्रतिसाद काढून घेणं. त्याच्या पुढे माणूस कधीच येत नाही. माणूस येतो तो ‘फ्रॉम’नंतर: ‘इलिसिट अ रिस्पॉन्स फ्रॉम द ऑडियन्स’. ‘द टीचर इलिसिटेड द स्टुडंट्स’ असं वाक्य दिसलं की समजा, इथे ‘प्रॉम्प्टेड’ हवं होतं. ‘प्रॉम्प्ट’ला माणूसही चालतो आणि परिणामही: ‘धिस प्रॉम्प्टेड मी टू आस्क’, ‘द रिपोर्ट प्रॉम्प्टेड अ रिव्ह्यू’. पडद्याआडून नटाला शब्द सांगणारा प्रॉम्प्टर आठवा. हलकेच आठवण करून द्यायची, ढकलायचं नाही. चिथावणीचा आरोप करायचा नसेल आणि नुसतं ‘यावरून हे घडलं’ एवढंच सांगायचं असेल, तर ‘प्रॉम्प्ट’इतका निर्धोक शब्द दुसरा नाही. ‘प्रोव्होक’च्या जागी काय लिहू, असं मला कुणी विचारलं आणि वाक्यात भांडण नसलं, तर बहुतेक वेळा माझं उत्तर ‘प्रॉम्प्ट’ असतं.

‘ट्रिगर’ बहुधा हेतूशिवायच्या घटनांसाठी: अलार्म, अर्धशिशी, ॲलर्जी, भूस्खलन. घोडा ओढला, पुढचं आपोआप. ‘ही ट्रिगर्ड मी’ हे बोलण्यात चालतं, औपचारिक मजकुरात नको. मानसिक आघाताच्या संदर्भात या शब्दाला खरं, गंभीर काम आहे आणि नुसत्या चिडण्यासाठी तो वापरला की ते काम पातळ होतं.

इथे खास सांभाळा: अराउज

‘राउज’ म्हणजे झोपेतून उठवणं, मरगळ झटकायला लावणं, आणि ‘राउजिंग स्पीच’ म्हणजे स्फूर्ती देणारं भाषण. ‘अराउज’ हे भावनांसाठी: सस्पिशन, क्युरिऑसिटी, इंटरेस्ट, हॉस्टिलिटी. इथवर ठीक. पण ‘अराउज’च्या पुढे थेट माणूस आला की आज त्याचा अर्थ लैंगिक घेतला जातो. ‘हिज स्पीच अराउज्ड द यूथ’ असं कधीही पाठवू नका. तिथे ‘राउज्ड’ लिहा, किंवा ‘अराउज्ड द अँगर ऑफ द यूथ’ असं भावनेचं नाव मधे घाला. ‘प्रोव्होकेटिव्ह’चंही तेच. लेख विचार करायला लावणारा असेल तर ‘थॉट-प्रोव्होकिंग’ म्हणा. व्यक्तीबद्दल किंवा तिच्या कपड्यांबद्दल ‘प्रोव्होकेटिव्ह’ लिहिलंत तर त्याचा अर्थ भलतीकडे जातो.

डिवचणे आणि हरभऱ्याच्या झाडावर चढवणे

मोठी दंगल नाही, नुसती कुरापत आहे, अशा वेळी ‘प्रोव्होक’ फार जड होतो. ‘गोड’ या इंग्रजी क्रियापदाचा उच्चार आपल्या ‘गोड’सारखाच, पण नाम म्हणून त्याचा अर्थ आहे पराणी, बैलाला टोचायची काठी. टोचत, डिवचत राहून कुणाला काहीतरी करायला लावणं म्हणजे ‘गोड समवन इन्टू समथिंग’. याला ‘प्रोव्होक’प्रमाणे बहुधा ‘इन्टू’च लागतं. शब्दांनी बारीक बारीक टोचून बोलणं म्हणजे ‘नीडल’. ‘एग ऑन’ म्हणजे ‘हं, मार, घाबरतोस काय’ म्हणत चढवणं. यातल्या ‘एग’चा अंड्याशी संबंध नाही. तो जुन्या नॉर्स भाषेतल्या उसकवण्याच्या शब्दातून आला आहे. बोलणाऱ्याच्या मनात राग असेलच असं नाही, त्याला गंमत बघायची असते. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’ याच्या सगळ्यात जवळ मला हाच वाटतो, फक्त आपल्याकडे स्तुती असते आणि तिथे आव्हान.

‘बेट’ म्हणजे आमिष, आणि कुणी चिडावं म्हणून मुद्दाम टाकलेलं आमिष म्हणजे ‘बेटिंग’. ऑक्सफर्डने 2025 चा वर्षाचा शब्द म्हणून ‘रेज बेट’ निवडला. लोकांनी चिडून प्रतिक्रिया द्याव्यात याच हेतूने टाकलेला ऑनलाइन मजकूर, असा त्याचा अर्थ. हा शब्द चपखल आहे, पण हेतूचा आरोप त्यात भरलेला आहे. कुणाचं मत आपल्याला पटलं नाही एवढ्यावरून त्याला ‘रेज बेट’ म्हणणं योग्य नाही.

रागाची पातळी

इथे फार वेळ घालवायला नको. ‘अनॉय’ आणि ‘इरिटेट’ खालच्या पायरीवर, ‘एक्झॅस्परेट’ म्हणजे वैताग, जेव्हा सहनशक्ती संपत येते, ‘अँगर’ मधला, आणि ‘एन्रेज’, ‘इन्फ्युरिएट’, ‘इन्सेन्स’ सगळ्यात वर. ‘आउटरेज’ वेगळा: अन्याय किंवा मर्यादाभंग पाहून येणारा संताप. लॅटिन ‘अल्ट्रा’, म्हणजे पलीकडे, हे त्याचं मूळ आहे. लिफ्ट उशिरा आली म्हणून कुणी ‘आउटरेज्ड’ होत नाही. ‘टिक ऑफ’ टाळलेलाच बरा, कारण अमेरिकेत त्याचा अर्थ चिडवणं आणि ब्रिटनमध्ये खरडपट्टी काढणं.

स्पेलचेक जिथे गप्प बसतो

‘इन्साइट’ देवनागरीत एकच दिसतो, पण इंग्रजीत दोन शब्द आहेत. चिथावणीचा शब्द सी आणि टीवाला, जोर शेवटच्या अक्षरावर. मर्मदृष्टीचा शब्द जीएचटीवाला, जोर पहिल्या अक्षरावर. ‘इलिसिट’चं तसंच: ई आणि एक एल असेल तर काढून घेणं, आय आणि दोन एल असतील तर बेकायदा. यात तर उच्चारही एकच. ‘इन्सेन्स’मध्ये स्पेलिंगही तेच, फक्त धुपासाठी जोर पहिल्यावर आणि संतापासाठी दुसऱ्यावर. आणि ‘व्होक’च्या भावंडांचं नाम किंवा विशेषण करताना के जाऊन सी येतो: प्रोव्होकेशन, इव्होकेटिव्ह, इन्व्होकेशन. यातली के-सीची चूक मशीन पकडतं, पण ‘इन्साइट’ आणि ‘इलिसिट’च्या जोड्यांतली दोन्ही स्पेलिंगं खरी असल्यामुळे तिथे ते गप्प बसतं. तेवढे चार शब्द पाठवण्याआधी हाताने शोधून बघा.

एक परिच्छेद दुरुस्त करून

समजा सांगायचंय ते असं: अध्यक्षांच्या विधानाने सभासद भडकले. दोघांनी बाकीच्यांना कार्यालयात घुसायला चिथावलं. मुळात असलेला अविश्वास त्यामुळे आणखी भडकला. या प्रकारावरून चौकशी लागली. समितीने खूप विचारूनही अध्यक्षांकडून उत्तर मिळालं नाही.

पहिल्या मसुद्यात इथे पहिल्या चार वाक्यांत ‘प्रोव्होक’ आणि पाचव्यात ‘फेल्ड टू प्रोव्होक द चेअरमन’ असतं, म्हणजे समितीने अध्यक्षांना चिडवायचा प्रयत्न केला आणि तो फसला, असा नको तो अर्थ निघतो. आता तीन प्रश्न लावा. पहिल्या वाक्यात पुढे माणसं आहेत, संताप मोठा आहे: ‘इन्फ्युरिएटेड द मेंबर्स’. दुसऱ्यात कृत्याला लावलं आणि मारा तिसरीकडे वळवला: ‘इन्साइटेड द अदर्स टू स्टॉर्म द ऑफिस’. तिसऱ्यात अविश्वास आधीचा आहे: ‘फ्यूएल्ड द मिस्ट्रस्ट’. चौथ्यात नुसता परिणाम: ‘प्रॉम्प्टेड ॲन इन्क्वायरी’. पाचव्यात उत्तर काढून घ्यायचं होतं: ‘फेल्ड टू इलिसिट अ रिप्लाय फ्रॉम द चेअरमन’. ‘प्रोव्होक’ एकदाही आला नाही. तो हवाच असेल तर पहिल्या वाक्यात ‘प्रोव्होक्ड अँगर अमंग द मेंबर्स’ असा बसतो.

तरीही अडलं तर

कधी कधी तिन्ही प्रश्न विचारूनही खात्री वाटत नाही. हेतू होता की नव्हता हे माहीत नसतं, राग किती होता हे ठाऊक नसतं. अशा वेळी साधा शब्द लिहा: ‘कॉज’, ‘लेड टू’, ‘मेड देम अँग्री’. ‘द नोटीस मेड देम अँग्री’ हे उत्तम इंग्रजी आहे. त्यात कुणावर चिथावणीचा आरोप होत नाही आणि वाचणाऱ्याला एकदाच वाचून कळतं. नंतर माहिती मिळाली, नोटीस मुद्दाम तशी लिहिली होती असं कळलं, की त्याच जागी ‘प्रोव्होक’ बसवता येतो.